आजीची वही आणि थांबण्याची ताकद

आजीच्या खानावळीची शेवटची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीच्या त्या लांबट वहीत नावे आणि रकमा माझ्या वडिलांच्या शाळकरी अक्षरात आहेत, कारण आजीला लिहिता येत नव्हते. नावांपुढच्या उभ्या रेघा आणि फुल्या मात्र तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत. मेंबर जेवून गेला की रेघ, आला नाही की फुली. फुलीला ती ‘खाडा’ म्हणायची. महिना संपला की खाडे मोजून तेवढे पैसे वजा करायचे आणि उरलेली रक्कम त्या मेंबराच्या नावावर मांडायची, एवढेच तिचे हिशेबशास्त्र होते, आणि त्यावर तिने वीसेक वर्षे खानावळ चालवली.

वहीचे पहिले पान ऑगस्ट १९७६ चे आहे. लालबागमधल्या आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत, आजी ३२ जणांना दोन वेळचे जेवण घालत असे. सगळे गिरणीत कामाला होते, बहुतेक चिपळूण-गुहागरकडचे होते, आणि बायकामुलांना गावी ठेवून गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या, गाळ्यात पथारीपुरती जागा घेऊन राहणारे होते. माझे आजोबाही गिरणीतच, साचेखात्यात म्हणजे मागांवर होते. पहिल्या पाळीचे दुपारी सुटल्यावर जेवत, दुसऱ्या पाळीचे मध्यरात्री येऊन झाकून ठेवलेले ताट उघडत, आणि रात्रपाळीचे सकाळी जेवून मग झोपायला जात. त्यामुळे खोलीतला स्टोव्ह जेमतेम चार-पाच तास बंद राहत असे. या सगळ्याचे महिन्याचे ७५ रुपये होते.

मी लोअर परळला एका कंपनीच्या हिशेब खात्यात गेली अठरा वर्षे नोकरी करते. वडील गेल्यानंतर डोंबिवलीच्या घराचा माळा आवरताना ही वही हाती आली, तेव्हा ती मी नातीच्या नजरेने वाचायला घेतली आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानापासून हिशेबनिसाच्या नजरेने वाचू लागले. सवयीने आधी तारखा पाहिल्या. जमेच्या जवळजवळ सगळ्या नोंदी दर महिन्याच्या १० ते १२ या तारखांच्या आहेत. आधीचे नऊ दिवस जमेचे पान कोरे आणि मग तीन दिवसांत सगळा महिना जमा. हे असे का, याचे उत्तर कायद्यात आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहा तारखेपर्यंत पगार देण्याची मुभा मालकाला दिली. गिरण्या मोठ्या होत्या, म्हणून लालबाग-परळची दहा तारीख.

आता याचा अर्थ पाहा. एक तारखेला सांधलेल्या धाग्याची मजुरी कामगाराच्या हाती पडायची चाळीस दिवसांनी. तेवढे दिवस कामगार गिरणीला आपले श्रम उसने देत होता आणि गिरणीला ते बिनव्याजी मिळत होते. पण कामगाराला चाळीस दिवस उपाशी राहता येत नव्हते. तेव्हा तेवढे दिवस आजी त्याला जेवण उसने देत होती. आजीजवळ तरी भांडवल कुठले? तिला वाणी तांदूळ, डाळ, तेल उधारीवर देत होता, आणि वाण्याला मशीद बंदरचा घाऊक व्यापारी महिन्याच्या बोलीवर माल देत होता. मी बसून मोजले. ३२ मेंबरांचे दरमहा २४०० रुपये, आणि नऊ तारखेच्या रात्री, म्हणजे मागचा पूर्ण महिना आणि चालू महिन्याचे नऊ दिवस मिळून, आजीचे लोकांकडे अडकलेले पैसे ३१२० रुपये. ज्या बाईच्या नावावर बँकेत खाते नव्हते, जिला सही करता येत नव्हती, तिची तीन हजारांवर येणी दर महिन्याच्या नऊ तारखेला बाजारात पसरलेली असत, आणि त्या येण्यांवर लालबागमधल्या ३२ जणांची पाळी चुकत नसे.

या साखळीत व्याज कुठे लपलेले होते, तेही वहीत आहे. वाण्याच्या उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा वेगळा होता. वडिलांनी एका ठिकाणी समासात दोन्ही भाव शेजारी लिहून ठेवले आहेत. आणि सुरुवातीच्या पानांत दर पाच-सहा महिन्यांनी एक नोंद येते: ‘पाटल्या ठेवल्या’. पुढे दोन-तीन महिन्यांनी: ‘पाटल्या सोडवल्या’. कुणाच्या घरी आजारपण निघाले, कुणा बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या, कामगाराला काम मिळेनासे झाले आणि पाच-सहा मेंबरांचे पैसे एकदम तुंबले, की वाण्याचे तोंड बंद करण्यासाठी आजीच्या हातातल्या पाटल्या सावकाराकडे जात. व्याज दरमहा शेकडा तीन. आजीला पाटल्या घातलेली मी कधी पाहिली नाही, पण माझ्या आत्या सांगतात की पाटल्या हातात आहेत की नाहीत यावरून शेजारच्या खोल्यांना आमच्या खानावळीची परिस्थिती कळत असे.

वाणिज्य शाखेत मला शिकवले गेले की शहर चालते ते मागणी-पुरवठ्यावर, भांडवलावर आणि श्रमावर. ते खरेच आहे. पण ही वही वाचल्यापासून मी मुंबईकडे पाहते ती वेगळ्या प्रश्नाने: इथे कोणाच्या पैशासाठी कोण थांबले आहे, आणि किती दिवस थांबू शकते? वस्तूचा भाव, मजुरी, भाडे, जमिनीची किंमत, यांतल्या प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी थांबण्याची ताकद किंवा अगतिकता असते, आणि सौदा बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

मुंबईला हे फार जुने आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली, पण या शहरात मोठा पैसा एकदम आला तो १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. अमेरिकेचा कापूस बंद झाला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसासाठी वाटेल तो भाव देऊ लागल्या, आणि आलेला पैसा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये ओतला गेला. सौदे वायद्याचे होते: आज भाव ठरवायचा आणि पैसे १ जुलै १८६५ ला द्यायचे. त्या तारखेपर्यंत भाव चढत राहील या भरवशावर सगळे थांबले होते. एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै उजाडला तेव्हा देण्यासाठी कुणाकडेच पैसे नव्हते. त्या तेजीचे सर्वांत मोठे नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद, आणि मंदीत त्यांचेही अतोनात नुकसान झाले. विद्यापीठाजवळचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे. त्याच्याखालून जाताना मला त्या टॉवरच्या घड्याळाबरोबर ती वायद्याची तारीखही आठवते.

पण थांबणे म्हणजे नेमके काय, हे मी डोळ्यांनी पाहिले ते वाशीला. मैत्रिणीच्या वडिलांचा भाजीपाला बाजारात गाळा आहे. घाऊक बाजार मुंबईतून टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. धान्याच्या बाजाराला मात्र मशीद बंदरच्या जुन्या नावाने आजही दाणाबंदरच म्हणतात. एका डिसेंबरच्या रात्री मी त्यांच्या गाळ्यावर रात्री एकपासून सकाळी आठपर्यंत बसले. दीडच्या सुमारास नाशिककडचा एक टेम्पो लागला. शेतकरी स्वतः बरोबर आला होता. स्वेटरवर उपरणे गुंडाळलेला, वयाने माझ्याच जोडीचा. कोथिंबिरीच्या जुड्या गोणपाटातून काढून उभ्या रचल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या मुळांची माती अजून ओली होती आणि सगळ्या गाळ्यात तो वास भरून राहिला. कोथिंबिरीचा भाव शेकड्यावर असतो. दोन वाजता शेकडा १२०० ने सुरुवात झाली. त्याच्या मालातला निम्मा त्या भावाने उचलला गेला. तीननंतर एकामागून एक चार गाड्या आल्या आणि भाव ९०० झाला. शेतकरी म्हणाला, जरा थांबू. मैत्रिणीचे वडील काहीच बोलले नाहीत. त्यांनी नुसता एका जुडीच्या शेंड्याला हात लावून दाखवला. पानांच्या कडा मऊ पडायला लागल्या होत्या. साडेपाचला उरलेला माल शेकडा ५०० ने गेला, आणि सातला शेवटच्या जुड्या ज्याने मागितल्या त्याला दिल्या गेल्या.

त्या रात्री कुणी कुणाला फसवले नाही. मापात खोट नव्हती, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मैत्रिणीच्या वडिलांनी माझ्यासमोर लिहिली, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे कापून उरलेली रक्कम मोजून दिली. शेतकऱ्याकडून आडत, म्हणजे दलाली, घेणे तर २०१६ मध्येच बंद झाले. ती आता खरेदीदाराकडून घेतली जाते. तरीही त्या शेतकऱ्याच्या उरलेल्या मालाची अर्ध्याहून अधिक किंमत चार तासांत गेली, ती कापून घेणारा हात कुणाचाच नव्हता. कोथिंबिरीला थांबता येत नाही, एवढेच. शेजारच्या कांदा-बटाटा बाजारातले व्यापारी त्या मानाने शांत असतात. कांद्यातही पुन्हा फरक आहे: पावसाळी लागवडीचा लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो; उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, म्हणून तो पिकवणारा शेतकरी निदान भाव पाहून ‘आज नको’ असे म्हणू शकतो. शेतात बांधलेली ती बांबूची किंवा जाळीची कांदाचाळ म्हणजे शेतकऱ्याने विकत घेतलेले चार-पाच महिने आहेत.

त्याच बाजारात मी माथाडींच्या टोळ्या पाहिल्या, आणि कायद्याने थांबण्याची ताकद कशी देता येते हे तिथे समजले. १९६९ च्या आधी पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालाची मजुरी व्यापाऱ्याच्या मर्जीवर होती. माल उतरला की त्याची गरज संपली, आणि संध्याकाळी घरी पीठ न्यायचे असल्यामुळे देतील ते घेणे त्याला भाग होते. अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्यानुसार व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला पगार देते, भविष्यनिर्वाह निधी ठेवते, रजा आणि बोनस देते. ओझे तेच राहिले, पाठही तीच राहिली. पण व्यापाऱ्यासमोर हात पसरून उभे राहण्याची संध्याकाळ मधून निघून गेली. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या कायद्यांमध्ये मला हा फार मोठा वाटतो.

खानावळवाल्या बायकांच्या वाट्यालाही असे काही आले होते. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. एकमेकींच्या जामिनावर या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. आमच्या वहीत मार्च १९७८ मध्ये ‘बँक’ हा शब्द पहिल्यांदा येतो. त्यानंतर चार वर्षे ‘पाटल्या ठेवल्या’ ही नोंद नाही. मी ती पाने तीनदा उलटून खात्री केली. पाटल्या घातलेली आजी ती तेवढी चार वर्षे.

मग १९८२ चा जानेवारी येतो. १० तारखेला डिसेंबरचे पैसे नेहमीसारखे जमा झाले आहेत. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वहीत संप हा शब्द कुठेही नाही. फक्त फेब्रुवारीच्या दहा तारखेला जमा कमी आहे, कारण जानेवारीतले कामाचे दिवसच कमी होते, आणि मार्चच्या दहा तारखेला जमेचे पान कोरे आहे. रेघा मात्र चालू आहेत. सगळ्या नावांपुढे, रोज, दोन वेळच्या. मार्च गेला. एप्रिलमध्ये ‘पाटल्या ठेवल्या’. मे महिन्यात काही नावांपुढे सलग फुल्या सुरू होतात: ती माणसे आंबे-काजूच्या दिवसांत गावी गेली. जूनमध्ये पेरणीला आणखी गेली. जुलैचे पान जवळजवळ फुल्यांचे आहे. ऑगस्टमध्ये पाच नावे उरली आहेत, आणि १९ तारखेनंतर रेघही नाही आणि फुलीही नाही. शेवटच्या पानावर वडिलांनी, तोपर्यंत सतरा वर्षांच्या झालेल्या अक्षरात, एकोणीस नावे आणि त्यांच्याकडची बाकी लिहून ठेवली आहे. एप्रिलमध्ये ठेवलेल्या पाटल्यांना ‘सोडवल्या’ अशी जोडीची नोंद पुढे कुठेच नाही.

आजी सात महिने थांबली. वाणी पाच महिने थांबला; तोही भला माणूस होता, त्याचीही साखळी दाणाबंदरला तुटली. कामगार सर्वांत जास्त थांबले, कारण त्यांच्यामागे कोकणातली आणि घाटावरची कुळथाची, नाचणीची, भाताची तुकड्या-तुकड्यांची शेती होती. शहराने ज्यांच्या बायकामुलांचा भार कधी उचलला नाही, त्या गावांनीच त्यांना संपकाळात जगवले. आणि गिरणी मालक? त्यांचे साचे बंद होते, पण भिवंडीचे यंत्रमाग चालू होते आणि बाजारात कापडाची टंचाई झाली नाही. कित्येक गिरण्यांत वर्षानुवर्षे नवी यंत्रे आलीच नव्हती. बंद राहिल्याने जे नुकसान व्हायचे ते चालू राहिल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा फार मोठे नव्हते. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला.

आणि गिरण्यांखाली जमीन होती. शहराच्या मधोमध सुमारे ६०० एकर. प्रत्येक मालक १९८२ मध्येच जमिनीवर डोळा ठेवून बसला होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही, कारण तेव्हा ती जमीन विकून मोकळे होण्याची वाट सोपी नव्हती. पण जमिनीइतके थांबणारे दुसरे काही नाही. ती वाळत नाही, सडत नाही, जेवायला मागत नाही, आणि बेटावरच्या शहरात ती नुसती पडून राहिली तरी तिचा भाव वाढतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटे फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेचे करायचे असे ठरले. ज्यावर गिरणीचे बांधकाम उभे होते ती जमीन वाटणीतून सुटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये तो बदल कायम झाला. नियमाच्या एका शब्दाने शहराच्या पोटातली कित्येक एकर मोकळी जागा आणि कितीतरी हजार घरे गेली, याची खंत मला आजही वाटते. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज दीड लाखाच्या घरात होते, आणि अनेक अर्ज मुलांनी किंवा विधवांनी भरलेले होते.

आमची खोली भाड्याची, पागडीची. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधली होती आणि त्यामुळेच आजीला ७५ रुपयांत जेवण देणे परवडत होते, हे मी विसरत नाही. त्याच कायद्यामुळे मालकाने चाळीचा जिना तीस वर्षे दुरुस्त केला नाही, हेही खरे आहे. १९८६ मध्ये पागडीचा मालकाचा हिस्सा वजा होऊन जे हाती आले त्यात आजोबांनी डोंबिवलीला दोन खोल्या घेतल्या. तिथून वडील रोज लोकलने येत राहिले आणि आता मी येते. शहराने आम्हाला बाहेर काढले असे मी म्हणणार नाही. आम्हाला लालबागमध्ये आणखी थांबणे परवडले नाही आणि त्या खोलीला परवडले.

आता माझ्या टेबलाबद्दल लिहिले पाहिजे, कारण त्याशिवाय हा हिशेब प्रामाणिक होणार नाही. माझे काम येणाऱ्या बिलांचे आहे. कंपनीला माल आणि सेवा पुरवणाऱ्यांची बिले माझ्याकडे येतात, मी ती तपासते आणि ठरलेल्या तारखेला पैसे सोडते. मोठ्या पुरवठादारांची मुदत त्यांच्या अटीने ठरते, छोट्यांची आमच्या. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि ते आम्ही देतो. पण एखादा शिक्का राहिला, एखाद्या हजेरीपत्रकावर सही नाही म्हणून बिल परत गेले की आमच्याकडे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अशी चूक शोधून काढल्याबद्दल वरिष्ठांनी माझे कौतुक केले होते, आणि मला तेव्हा आनंद झाला होता. कंपनीच्या खेळत्या भांडवलाच्या तक्त्यात ते दिवस नफ्यासारखे दिसतात. त्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर, शेअर दलालीची कंपनी आहे. शेअर बाजारात कधीकाळी व्यवहार पुढे ढकलत नेण्याची ‘बदला’ पद्धत होती, ती २००१ मध्ये बंद झाली. जानेवारी २०२३ पासून तर आज विकलेल्या शेअरचे पैसे पुढच्याच कामकाजाच्या दिवशी मिळतात. म्हणजे एका दिवसात पैसे पोचवणे या शहराला जमते. ज्याच्याकडे विकायला शेअर आहेत त्याच्यासाठी ते जमवले गेले आहे.

आमच्या इमारतीचे सुरक्षारक्षक एका कंत्राटदाराचे आहेत. जालना, बीड, आझमगड, सिवान अशी त्यांची गावे. बायकामुले गावी, आणि राहायला सहा-सात जणांत एक खोली. कंत्राटदार त्यांना पगार देतो तो आमचे बिल सुटल्यावर, कधी बारा तारखेला, कधी वीसला. त्यांच्यापैकी बरेच जण ना. म. जोशी मार्गावरच्या एका बाईंकडून डबा घेतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावरच्या रक्षकाने मला त्यांच्याकडे नेले, कारण मला घरगुती भाकरीचा डबा हवा होता. बीडीडी चाळीतली खोली, दारातच गॅसची शेगडी, भिंतीला लावलेला क्यूआर कोडचा फलक आणि त्याच्याखाली खिळ्याला दोरीने टांगलेली वही.

मी विचारले, सगळे फोनवर पैसे देतात तर वही कशाला? त्या म्हणाल्या, “पैसे फोनवर येतात मॅडम, पण खाडे कोण लिहिणार?”

त्यांनी वही काढून दाखवली. छापील तारखांची, शाळेच्या हजेरीसारखी. चोवीस नावे. जेवणाला बरोबरची खूण, खाड्याला फुली. वरच्या कोपऱ्यात प्रत्येक महिन्याची मागील बाकी. पाच नावांखाली दोन महिन्यांची बाकी होती आणि ती पाचही नावे मला ओळखीची होती. सकाळी आत येताना ती माणसे मला नमस्कार करतात. बाईंनी मला पाणी दिले, भाकरीचा दर सांगितला, आणि मग सहज विचारावे तसे विचारले, “तुम्ही ऑफिसात हिशेबाचंच बघता ना? या महिन्यात यांचा पगार कधी होईल, काही सांगता येईल का? तांदूळ भरायचाय.”

मला सांगता येत होते. ते बिल माझ्याच ट्रेमध्ये होते, एका हजेरीपत्रकावर सही नसल्यामुळे दोन दिवस बाजूला ठेवलेले. मी म्हटले, बावीस तारखेला होईल.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, समासात २२ लिहिले, आणि डब्यातला तांदूळ हाताने चाचपून किती दिवस पुरेल ते मोजू लागल्या.